प्रेमाताईंचा सायप्रस

सुशांतने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची 'राखीव' लिहिलेली चिठ्ठी काढली, चुरगाळली आणि खिशात टाकली. मग ती खुर्चीच उचलून त्याने हॉलच्या पार मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवली.

"ती मी पुढे ठेवली होती," देवव्रत म्हणाला. टूर कंपनी त्याची होती, हॉलही त्यानेच घेतला होता.

"पुढे प्रवासी बसतील."

"अरे, आई आहे तुझी."

"तेच सांगतोय, देवव्रतदादा. आई म्हणून ओळख करून द्यायची नाही. प्रेमाताई म्हणा. आणि दहा मिनिटं. चहानंतर."

देवव्रतने खांदे उडवले. रविवारची सकाळ होती, बोरीवली पश्चिमेचे अठ्ठावीस प्रवासी अर्ध्या तासात येणार होते, आणि वाद घालायला ही वेळ बरी नव्हती.

सुशांत चार वर्षं त्याच्याकडे होता. केरळ, राजस्थान, दोनदा थायलंड. आता पहिल्यांदाच इतक्या लांबची टूर त्याच्या एकट्याच्या हातात आली होती, आणि देश निघाला होता सायप्रस. सहावीत असताना त्याने शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातून हा देश ब्लेडने खरवडून काढला होता. कागदाला भोक पडलं होतं आणि मागच्या पानावरचं आफ्रिकेचं टोकही त्यात गेलं होतं. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आई तिथे कामाला गेली आणि तो दहिसरला आत्याकडे राहिला. अकरा वर्षांचा होता तेव्हा. ती कायमची परतली तेव्हा तो अठरा वर्षांचा झाला होता आणि तिला दारातून आत घेताना त्याने तिची बॅगसुद्धा धरली नव्हती.

ऑफिसात हे कोणाला ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोने, निधीने, देवव्रतला कौतुकाने सांगून टाकलं, की आमच्या आई तर तिथे सात वर्षं होत्या. देवव्रतने त्याच संध्याकाळी आईला परस्पर फोन लावला.

प्रेमा चारकोपच्या घरून रिक्षाने आली. बारीक काठाची सुती साडी, खांद्याला शबनम. ती सरळ पुढे चालत आली. तेव्हा सुशांत वायर जोडत होता. वर न बघता तो म्हणाला,

"प्रेमाताई, तुमची जागा मागे आहे."

ती थांबली. क्षणभर तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला.

"बरं, सर," म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

सुशांतने तयारी कसून केली होती. साठ चित्रं होती. तांब्याच्या खाणी, प्रेमदेवता जिथे समुद्रातून वर आली म्हणतात तो खडक, व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला ताऱ्याच्या आकाराचा तट, मग तुर्क, मग इंग्रज. एकोणीसशे चौऱ्याहत्तरची लढाई आणि तेव्हापासून बेटाचे झालेले दोन तुकडे. राजधानी निकोसियाच्या मधूनच सीमारेषा जाते, हे सांगताना त्याने नेहमीसारखा आवाज खाली आणला. दुसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. पांढरी मिशी, मांडीवर वही. मार्तंड फणसळकर. टूरच्या यादीत सपत्नीक, खोली क्रमांक चार.

"तुम्ही स्वतः जाऊन आलायत?"

"नाही, मी पहिल्यांदाच—"

"म्हणजे आम्ही जे वाचून आलोय तेच तुम्ही वाचून दाखवताय."

"अहो, बोलू द्या ना त्यांना," त्यांची बायको इरावती म्हणाली.

"बोलू दे की. फक्त शहाण्णव साली त्या सीमारेषेवर काय झालं, हे यांच्या चित्रात नाही, एवढंच म्हणतोय."

शहाण्णव साली काय झालं ते सुशांतला ठाऊक नव्हतं. त्याने हसून पुढचं चित्र लावलं. पिंपाशेजारच्या खुर्चीकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही.

चहा झाला. बटाटेवडे झाले. देवव्रतने माइक हातात घेतला आणि सांगितलं, की आपल्या सुदैवाने तिथे सात वर्षं राहून आलेल्या प्रेमाताई आज आपल्यात आहेत. सुशांतने पुढे होऊन माइक त्याच्याकडून घेतला.

"राहिलेल्या म्हणजे, त्या तिथे एका घरी कामाला होत्या," तो म्हणाला. "तेव्हा इतिहास वगैरे विचारू नका. बाजारहाट, खाणंपिणं, तसलं काही असेल तर विचारा."

पुढच्या बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली, कारण नसताना. देवव्रत जमिनीकडे बघत राहिला.

प्रेमा पुढे आली. माइक तिने दोन्ही हातांनी धरला.

"हो. म्हातारी सांभाळायला होते," ती म्हणाली. "एलेनी तिचं नाव. ब्याऐंशी वर्षांची होती. मी तिला किरिया म्हणायचे. आपण बाई म्हणतो ना, तसं." मग वळून, "सर, तो रेषेचा नकाशा परत लावता का?"

सुशांतने समुद्रकिनाऱ्याचं चित्र लावलं. निळं पाणी, रंगीत छत्र्या.

प्रेमाने चित्राकडे पाहिलं. नुसती उभी राहिली. अठ्ठावीस माणसंही तिच्याबरोबर गप्प राहिली. शेवटी त्यालाच नकाशा लावावा लागला.

ती पडद्याजवळ गेली. तिच्या हाताची सावली बेटाच्या उत्तर भागावर पडली.

"इथे तिचं गाव होतं. लढाईच्या दिवसांत चुलीवर भांडं तसंच ठेवून ती निघाली, ती या बाजूला आली. मग रेषा बंद. एकोणतीस वर्षं. मी जाऊन दोन-तीन महिने झाले होते, तेवढ्यात बातमी आली, की रेषा उघडली, लोकांना जाऊन बघून येता येईल. म्हातारी म्हणाली, चल. सहा तास रांगेत उभ्या होतो आम्ही, ऊन हे असं. मग टॅक्सीने तिच्या गावात गेलो. तिने घर ओळखलं. दार वाजवलं तर एक तुर्की म्हातारी आली, हिच्याच वयाची. ती तिकडून हाकलली गेलेली, ही इकडून. तिला हिची भाषा थोडी येत होती. तिने आम्हाला बसवलं, कॉफी केली, आणि आतून कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. आमच्या म्हातारीचा लग्नातला फोटो होता. इतकी वर्षं तिने कपाटात जपून ठेवला होता."

"अगं बाई," इरावती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मग दोघी गळ्यात पडल्या असतील."

"नाही," प्रेमा म्हणाली. "आमच्या म्हातारीने फोटो घेतला आणि कॉफी न पिता उठली. म्हणाली, फोटो सांभाळलास म्हणून घर तुझं होत नाही. आणि निघाली."

तिने माइक जरा जवळ धरला.

"माझा कप भरलेला होता. मी तो पिऊन मग बाहेर आले. बाईने एवढी केलेली, टाकून कशी जाणार? तर म्हातारी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. मार्तंडने वही बंद केली.

"पण मग न्याय कोणाच्या बाजूने म्हणायचा?" त्याने विचारलं. "तुमचं मत काय?"

"मी घर झाडायला होते, साहेब. निकाल द्यायला नव्हते."

त्यानंतर तिला थांबवणं सुशांतला जमलं नाही. त्याने घड्याळावर बोट आपटलं, ते तिने पाहिलं आणि ती पुढे बोलत राहिली. कॉफी मागताना बिनसाखरेची हवी तर स्केतो म्हणा, बेताची हवी तर मेत्रियो. हलुमी म्हणून चीज असतं, ते दाताखाली चुंईचुंई वाजतं, उन्हाळ्यात कलिंगडाबरोबर खातात, तोंड वाकडं करू नका, खाऊन बघा. शाकाहारी असाल तर उपासाचं मागा, नीस्तिसिमो म्हणा. फक्त त्यांना उपासाला कोलंबी चालते, तेवढं विचारून घ्या. ऑलिव्हची वाळलेली पानं निखाऱ्यावर टाकून माणसाभोवती धूर ओवाळतात. का, तर दृष्ट लागू नये. "आपण मीठमिरच्या ओवाळतो, ते पानं ओवाळतात. पहिल्यांदा म्हातारीने मला ओवाळलं तेव्हा मला वाटलं, हिच्याही घरात कोणीतरी मालवणचं असणार."

लोक लिहून घेत होते. साठ चित्रं दाखवली तेव्हा कोणी पेन काढलं नव्हतं.

सुशांत भिंतीला टेकून उभा होता. आईचा हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. घरी ती मोजकं बोलायची, जेवायला ये, गॅस बंद कर, तुझ्या लेकीचे कपडे वाळले. इथे तिचे हात हवेत फिरत होते. जुन्या तटाखालच्या खंदकात आता बाग केली आहे, तिथे कुसुमा नावाच्या श्रीलंकेच्या बाईने तिला सायकल शिकवली, हे ती सांगत होती. चौतिसाव्या वर्षी. रविवारी दुपारी. दोनदा गुलमेंदीच्या झुडपात पडली, तिसऱ्यांदा तटाला पूर्ण वळसा घालून आली.

आई सायकलवर. त्याने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि ते त्याला आणता येईना.

रविवारी दुपारी आत्याकडे तिचा फोन यायचा. तो रिसीव्हर कानाला गच्च दाबून धरायचा. "इथे काय रे, कामच काम," ती म्हणायची. "जीव रमत नाही. दिवस मोजतेय." मग तो गॅलरीत जाऊन भिंतीवर खडूने एक रेघ ओढायचा, तिच्या बाजूने मोजायला मदत म्हणून.

"अहो, किती वर्षांचं काँट्रॅक्ट देतात हो?" इरावतीने सहज विचारलं. "आमच्या भाचीची मैत्रीण जायचं म्हणतेय."

"माझं चारचं होतं."

"पण सात म्हणाले ना हे?"

"पुढची तीन मी मागून घेतली."

सुशांतने मान वर केली. आत्याने त्याला सांगितलं होतं, की ते लोक सोडत नाहीत, कागद अडकलेत. आई मध्ये महिनाभर येऊन परत गेली तेव्हा तो दहावीत जाणार होता.

"मग घरची आठवण नाही आली?"

"यायची की." प्रेमाने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पण मला तिथे बरं वाटायचं. रविवारी दुपारी मी कोणाचीच कोणी नसायचे. कोणाची सून नाही, कोणाची विधवा नाही. संत्रं सोलून खायचं आणि बसायचं."

"मुलंबाळं?"

"एक मुलगा. इथे होता, दहिसरला."

सुशांतने प्रोजेक्टर बंद केला. पडद्यावरचं बेट गेलं.

"वेळ संपला," तो म्हणाला.

"बोलू द्या हो त्यांना," मार्तंड म्हणाला. "इतक्या वेळात पहिल्यांदा काहीतरी ऐकायला मिळतंय."

"हॉल एक वाजता सोडायचाय." त्याने तिच्या हातातून माइक घेतला. ओढूनच घेतला. "धन्यवाद, प्रेमाताई."

दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी घरी आले. निधी लेकीला, श्रुतिकाला घेऊन माहेरी गेली होती. सुशांत आला तेव्हा प्रेमा साडी बदलून ओट्यापाशी उभी होती आणि बांगडे साफ करत होती. नळ चालू होता.

"तू फोनवर रडायचीस," तो दारातूनच म्हणाला.

तिने नळ बंद केला नाही.

"दिवस मोजतेय म्हणायचीस. दर रविवारी. फोन ठेवून काय, सायकल चालवायला जायचीस?"

"कधी कधी."

"आणि मी इथे, आई दुःखात आहे म्हणून वाढदिवस करून घेत नव्हतो. आत्याला विचार. केक आणला तर फेकून दिला होता मी."

"माहीत आहे. कुंदावन्सं सांगायच्या."

"मग?"

तिने बांगड्याच्या पोटातून बोट फिरवून घाण काढली, पाण्याखाली धरला, ताटात ठेवला. दुसरा घेतला.

"फोनवर मी मजेत आहे म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी काय म्हटलं असतं? आई पोराला टाकून गेली ती गेली, वर हसतेय. रडले की सगळ्यांना बरं वाटायचं. तुलासुद्धा."

"मला?"

"तूच विचारायचास ना, 'आई, आज रडलीस का?' नाही म्हटलं तर गप्प व्हायचास."

हे त्याला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणून तो अधिक चिडला.

"कागद अडकले होते म्हणालीस."

"ते कुंदावन्सं म्हणाल्या. मी खोडून काढलं नाही."

"मी दहावीत होतो, आई."

"होतास. महिनाभर आले होते तेव्हा. महिनाभर तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, वन्संच्या पाठीमागे उभा राहायचास."

"म्हणून परत गेलीस? माझ्यामुळे? बरं आहे. तेही माझ्याच डोक्यावर."

"नाही," प्रेमा म्हणाली. आता तिने नळ बंद केला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. हाताला खवले चिकटले होते. "तसं सांगितलं तर सोपं जाईल, तुला आणि मला. पण तसं नाही. माका जावचा होता, म्हणान गेलंय."

मालवणी ती फक्त तिच्या आईशी बोलायची, आणि तिची आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"ती म्हातारी गेली म्हणून परतलीस. मेली नसती तर?"

"तर आणखी राहिले असते."

सुशांतने दाराची कडी नुसती वरखाली केली. काहीतरी लागेल असं बोलायला हवं होतं.

"सकाळी तू सर म्हणालीस मला," तो शेवटी म्हणाला.

"तू ताई म्हणालास." तिने ताटावर हळद टाकली. "जेवणार आहेस की बाहेर जाणार आहेस? त्या हिशोबाने तळते."

तो बाहेर गेला. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीच्या बंद गाळ्यांमधून रविवारच्या शांततेत दोन तास चालला आणि कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून प्रत्येक वळणावर बाजू बदलत राहिला. एका बंद शटरच्या पायरीवर तो बसला. कोणी हाक मारणारं नव्हतं, कुठे पोहोचायचं नव्हतं. बराच वेळ तो तसाच बसून होता. उठला तेव्हा भूक लागली होती. घरी आला तर त्याच्या वाटणीचे दोन बांगडे ताटाखाली झाकून ठेवलेले होते, आणि आई आतल्या खोलीत झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

मंगळवारी देवव्रतने त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"फणसळकरांचा तीनदा फोन आला. त्या बाई येणार असतील तर आणखी एक जोडपं आणतो म्हणतात. तीन सीट रिकाम्या आहेतच. मी प्रेमाताईंना—" तो अडखळला. "तुझ्या आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुशांतला विचारा."

"मला कशाला?"

"मलाही तेच वाटलं. पण त्या तेवढंच म्हणाल्या. हे बघ, टूर तुझी आहे. तू नको म्हणालास तर विषय संपला."

सुशांतने दोन दिवस उत्तर दिलं नाही. घरी त्या विषयावर अवाक्षर निघालं नाही. निधीने एकदा दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. प्रेमा नेहमीसारखी उठत होती, श्रुतिकाची वेणी घालत होती, डबे भरत होती. तिने त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणायला त्याला सोपं गेलं असतं.

गुरुवारी दुपारी तो तिकिटांच्या टेबलाशी गेला आणि तिचा पासपोर्ट नंदकिशोरपुढे टाकला. कोरा पासपोर्ट होता. जुना तिच्या कपाटात होता, शिक्क्यांनी भरलेला. नव्यातल्या फोटोत तिने मान ताठ ठेवली होती.

"घाडी, प्रेमा," नंदकिशोरने टाइप केलं. "ग्रुपबरोबरच ना? जायची दोन तारीख, यायची दहा?"

"जायचं ग्रुपबरोबर."

"आणि यायचं?"

टेबलावरचा पंखा कागद उडवत होता. सुशांतने पासपोर्टवर हात ठेवला.

"यायचं वेगळं काढ. तारीख बदलता येईल असं."

नंदकिशोरने चष्मा कपाळावर सरकवला. "का? थांबणार आहेत का तिकडे?"

"मला माहीत नाही."

"अरे, म्हणजे विचारलं नाहीस? व्हिसा तीस दिवसांचा पडेल, बदलून बदलून किती बदलणार? आणि तारीख काय घालू मी?"

"दहाच घाल," सुशांत म्हणाला. "बदलायची का नाही, ते तिचं ती बघेल."